अनुदान करारातील विम्याचे कलम: सही करण्यापूर्वी काय वाचावे

संशोधनासाठी अनुदान मंजूर झाल्याचे पत्र हातात पडते, तेव्हा संशोधकाचे लक्ष साहजिकच रकमेकडे, मुदतीकडे आणि पहिला हप्ता केव्हा जमा होणार याकडे असते. सोबत आलेला करार तो चाळतो. कामाची रूपरेषा, अहवालांच्या तारखा, प्रकाशनाचे हक्क इथपर्यंत सगळे ओळखीचे असते. मग एका पानावर साधारण अशा आशयाचा परिच्छेद येतो: ‘अनुदान घेणाऱ्या संस्थेने प्रत्येक घटनेमागे किमान १० लाख डॉलर आणि वर्षभरात एकूण २० लाख डॉलर इतक्या मर्यादेचा सर्वसाधारण दायित्व विमा प्रकल्पाच्या संपूर्ण काळात चालू ठेवावा; त्यात प्रायोजकाचे नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून नोंदवावे; विमा कंपनीने प्रायोजकाविरुद्धचा वसुलीचा हक्क सोडून द्यावा; आणि काम सुरू होण्यापूर्वी विमा प्रमाणपत्र सादर करावे.’

हे वाचून कोणी घाबरतो, तर कोणी ‘हे सगळ्याच करारांत असते’ असे म्हणून पान उलटतो. घाबरण्याने फार तर दोन आठवडे वाया जातात. पान उलटण्याची किंमत मात्र काही वर्षांनी, अपघात घडून गेल्यावर कळते आणि तोवर करारातला शब्दही बदलता येत नाही. म्हणून हा परिच्छेद उलगडून पाहू. तो वाटतो तितका अवघड नाही, पण तो वरवर वाचून चालत नाही.

दायित्व विमा कशासाठी असतो

वाहनाच्या विम्याचे दोन भाग असतात, हे बहुतेकांना माहीत असते. आपली गाडी ठोकली गेली तर तिच्या दुरुस्तीचा खर्च एका भागातून मिळतो. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली, तर त्याला द्यावी लागणारी भरपाई दुसऱ्या भागातून मिळते. दायित्व विमा हा या दुसऱ्या भागाचा भाऊ आहे. आपल्या कामामुळे तिऱ्हाईत माणसाचे नुकसान झाले आणि ते भरून देण्याची कायदेशीर जबाबदारी आपल्यावर आली, तर विमा कंपनी ठरलेल्या मर्यादेपर्यंत ती रक्कम देते. या कायदेशीर जबाबदारीलाच ‘दायित्व’ म्हणतात. अनुदान देणाऱ्याला या लेखात ‘प्रायोजक’ म्हटले आहे, मग ते सरकारी खाते असो, धर्मादाय प्रतिष्ठान असो किंवा औषध कंपनी.

या विम्याचे एक काम अनेकदा लक्षात येत नाही, ते म्हणजे वकिलाचा खर्च. दावा खोटा असला तरी तो न्यायालयात लढवावा लागतो आणि तो लढवण्याची जबाबदारी बऱ्याच पॉलिसींमध्ये विमा कंपनीच घेते. हा खर्च मर्यादेच्या आतला की बाहेरचा, हे मात्र पॉलिसीत तपासावे लागते. आतला असेल, तर खटला जितका लांबतो तितकी भरपाईसाठी उरलेली रक्कम आटत जाते.

दायित्व विमा काय देत नाही, हेही सुरुवातीलाच स्पष्ट असावे. जाणूनबुजून केलेले नुकसान त्यात येत नाही. प्रयोगशाळेतील स्वतःचे यंत्र जळाले, तर ते मालमत्तेच्या विम्याचे काम आहे. कर्मचाऱ्याला कामावर झालेली इजा ही सहसा वेगळ्या कामगार भरपाई विम्याखाली येते. आणि प्रकल्प फसला, अपेक्षित निष्कर्ष निघाले नाहीत, म्हणून प्रायोजकाने पैसे परत मागितले, तर सर्वसाधारण दायित्व विमा त्याला हात लावत नाही.

प्रायोजकाने ही काळजी का करावी

‘पैसे देणाऱ्याने पैसे द्यावेत आणि निष्कर्ष घ्यावेत, अपघाताशी त्याचा काय संबंध?’ असे संशोधकांना वाटते. पण ज्याचे नुकसान झाले आहे तो माणूस, ज्यांचा या कामाशी संबंध आहे अशा सर्वांवर दावा लावतो: संस्था, संशोधक, उपकरण पुरवणारा आणि पैसे देणारा. त्यातला कोण किती जबाबदार, हे न्यायालय पुढे ठरवते. तोपर्यंत प्रत्येकाला वकील नेमावाच लागतो. अशा वेळी सगळा भार आपल्या एकट्यावर पडू नये, म्हणून प्रायोजक आधीच विचारतो की जबाबदारी निभावण्याइतके बळ तुमच्या मागे आहे का.

हा प्रश्न काल्पनिक नाही. मार्च २००६ मध्ये लंडनमधील एका चाचणी केंद्रात टीजीएन-१४१२ नावाचे औषध माणसांना पहिल्यांदाच देण्यात आले. आठ निरोगी स्वयंसेवकांपैकी सहा जणांना खरे औषध आणि दोघांना निष्क्रिय द्रव मिळाला. औषध मिळालेले सहाही जण काही तासांत गंभीर आजारी पडले, अनेक अवयवांचे काम कोलमडून ते अतिदक्षता विभागात पोहोचले. ते वाचले, पण त्यांच्यापैकी एकाला हातापायांच्या बोटांचे भाग गमवावे लागले. औषध बनवणारी टेजेनेरो ही लहान जर्मन कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. तिचा या चाचणीसाठीचा विमा २० लाख पौंडांचा होता, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. सहा तरुण माणसे, त्यांचे पुढचे आयुष्यभराचे उपचार, बुडालेली मिळकत, आणि समोर भरपाई देऊ शकेल अशी कंपनीच उरलेली नाही: या परिस्थितीत विम्याची मर्यादा हा कागदावरचा आकडा राहत नाही. विम्याच्या कलमाकडे मी गांभीर्याने पाहतो ते याच कारणासाठी. त्या कलमाने प्रायोजकाचे संरक्षण होते, हे खरेच आहे. पण भरपाईची वाट पाहणारा खरा माणूस प्रयोगात सहभागी झालेला असतो.

हमी वेगळी आणि विमा वेगळा

या विषयातला सर्वांत मोठा गोंधळ इथे होतो, म्हणून इथे थोडे थांबू.

बहुतेक करारांत विम्याच्या कलमाच्या आसपास आणखी एक कलम असते. त्याचा आशय असा: ‘या प्रकल्पातून उद्भवणाऱ्या कोणत्याही दाव्यामुळे प्रायोजकाला जे नुकसान सोसावे लागेल, ते सर्व अनुदान घेणारी संस्था भरून देईल.’ याला नुकसानभरपाईची हमी म्हणतात. कोणाच्या कर्जाला आपण जामीन राहिलो, तर आपल्या खात्यात पैसे आहेत की नाहीत हे सावकार नंतर ऐकून घेत नाही, कारण आपली सही तिथे असते. ही हमीसुद्धा तशीच आहे. तिला आकड्याची मर्यादा नसते. विम्याला मात्र मर्यादा असते, अपवाद असतात आणि मुदतही असते. विमा म्हणजे जामीनदाराच्या खात्यात बाजूला काढून ठेवलेली रक्कम. ती संपली तरी जामीन संपत नाही.

याहून गंभीर बाब पॉलिसीच्या अपवादांमध्ये दडलेली असते. अनेक पॉलिसींमध्ये, विशेषतः व्यावसायिक चुकांसाठीच्या विम्यात, असा अपवाद असतो की कायद्याने जी जबाबदारी तुमच्यावर आलीच नसती, पण केवळ करारात कबूल केल्यामुळे तुम्ही ओढवून घेतली, ती आम्ही देणार नाही. समजा, प्रायोजकाने पुरवलेल्या सदोष उपकरणामुळे कोणाला इजा झाली. कायद्याने ही जबाबदारी प्रायोजकाची किंवा उत्पादकाची. पण संस्थेने ‘कोणत्याही दाव्याची’ हमी दिलेली आहे. आता प्रायोजक संस्थेकडे बोट दाखवतो, संस्था विमा कंपनीकडे वळते आणि विमा कंपनी त्या अपवादाकडे. करारात मागितलेला विमा संस्थेने अगदी नियमाप्रमाणे घेतलेला असूनही ही रक्कम तिला स्वतःच्या तिजोरीतून द्यावी लागते.

यावर उपाय थोड्या शब्दांचा असतो आणि तो सहीच्या आधीच करता येतो. ‘कोणत्याही दाव्यामुळे’ याऐवजी ‘आपल्या निष्काळजीपणामुळे उद्भवलेल्या दाव्यामुळे, त्या निष्काळजीपणाच्या प्रमाणात’ असे लिहून घ्यावे, किंवा दोन्ही बाजूंनी आपापल्या चुकांची जबाबदारी आपापल्याकडे ठेवावी. सार्वजनिक विद्यापीठांच्या बाबतीत तर कित्येकदा पर्यायच नसतो. अमेरिकेतील अनेक राज्यांच्या विद्यापीठांना राज्यघटनेमुळे किंवा राज्याच्या कायद्यामुळे दुसऱ्याला अमर्याद हमी देताच येत नाही. म्हणून त्यांच्या करारांत ‘कायद्याने परवानगी असेल तेवढ्या मर्यादेत’ हे शब्द घातलेले दिसतात.

कलमातील शब्द, एकेक करून

आता मूळ परिच्छेदाकडे परत येऊ.

‘प्रत्येक घटनेमागे १० लाख आणि एकूण २० लाख’ या जोडीत पहिला आकडा एका अपघातासाठी जास्तीत जास्त किती मिळेल ते सांगतो, तर दुसरा पॉलिसीच्या वर्षभरात सगळ्या अपघातांना मिळून किती ते. दुसरा आकडा संस्थेच्या सर्व कामांसाठी सामाईक असू शकतो. पाण्याची टाकी सगळ्या इमारतीला एकच असावी, तसे हे असते. खालच्या मजल्यावर नळ उघडा राहिला, तर वरच्यांना पाणी कमी पडते. दुसऱ्या विभागातील दाव्यांनी ती मर्यादा खाऊन टाकली, तर आपल्या प्रकल्पासाठी फारसे उरत नाही. मोठ्या प्रकल्पात म्हणूनच वेगळी मर्यादा मागितली जाते, किंवा मूळ विम्याच्या वर छत्रीसारखा जादा विमा घेतला जातो.

‘अतिरिक्त विमाधारक’ म्हणजे आपल्याच पॉलिसीत प्रायोजकाचे नाव घालणे. असे केल्यावर आपल्या कामातून उद्भवलेल्या दाव्यात प्रायोजकही आपल्याच विमा कंपनीकडे थेट संरक्षण मागू शकतो. सर्वसाधारण दायित्व विम्यात ही सोय सहज मिळते, बऱ्याचदा फारसा जादा हप्ता न देताही मिळते. व्यावसायिक चुकांच्या विम्यात आणि कामगार भरपाईच्या विम्यात मात्र ती सहसा मिळत नाही. त्यामुळे कलमात ‘सर्व पॉलिसींमध्ये’ असे लिहिलेले दिसले, की तिथे खूण करावी. ही अट बहुधा नकळत पडलेली असते, आणि दाखवून दिली तर प्रायोजक ती सुधारतो.

‘वसुलीचा हक्क सोडणे’ हे समजायला जरा कठीण आहे. विमा कंपनीने आपल्या वतीने भरपाई दिली, की ज्याच्या चुकीने नुकसान झाले त्याच्याकडून ती रक्कम वसूल करण्याचा आपला हक्क तिच्याकडे जातो. प्रायोजकाला नको असते ते हेच, की संस्थेच्या विमा कंपनीने उद्या त्याच्याच दारात वसुलीला यावे. म्हणून तो हा हक्क आधीच सोडून द्यायला सांगतो. ही सवलत संस्थेला परस्पर देता येत नाही, कारण हक्क विमा कंपनीचा आहे. पॉलिसीत तशी मुभा आहे का, हे अपघाताच्या आधी पाहावे लागते. अपघात झाल्यावर असा हक्क सोडला, तर विमा कंपनी भरपाईच नाकारू शकते.

विमा कंपनीच्या दर्जाविषयीही कधी कधी अट असते आणि ती सांकेतिक भाषेत लिहिलेली असते: ‘ए उणे, सात’. हा ए. एम. बेस्ट या मूल्यांकन संस्थेचा संकेत आहे. अक्षरावरून विमा कंपनीची दावे फेडण्याची ताकद कळते, तर रोमन आकड्यावरून तिचा आर्थिक आकार. आपल्या विमा कंपनीचे हे मूल्यांकन झालेले नसेल, तर समकक्ष मूल्यांकन मान्य करावे अशी विनंती करता येते.

प्रमाणपत्र म्हणजे पॉलिसी नव्हे

विमा प्रमाणपत्राचा कागद एकदा नीट निरखून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत सर्रास वापरला जाणारा नमुना ‘अकॉर्ड २५’ या नावाने ओळखला जातो आणि तो एका पानाचा असतो. वर विमाधारकाचे आणि विमा कंपन्यांचे नाव, मध्ये विम्याच्या प्रकारांच्या ओळी, प्रत्येक ओळीत पॉलिसी क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, उजवीकडे मर्यादांचे आकडे. त्याखाली कामाच्या वर्णनाची चौकट आणि सर्वांत खाली डावीकडे प्रमाणपत्र ज्याला दिले त्याचे नाव. प्रायोजकाच्या कार्यालयात या शेवटच्या चौकटीत आपले नाव दिसले, की काम झाले असे समजून कागद फायलीत जातो. पण त्याच पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले असते की हे प्रमाणपत्र केवळ माहितीसाठी आहे आणि ते ज्याला दिले त्याला त्यातून कोणताही हक्क मिळत नाही.

खालच्या चौकटीत नाव येणे आणि अतिरिक्त विमाधारक होणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीसाठी पॉलिसीला तशी पुरवणी जोडलेली असावी लागते. ती पुरवणी मागून घ्यावी, निदान तिचा क्रमांक तरी पाहावा. शेवटची तारीखही पाहावी. पॉलिसी बहुधा एका वर्षाची असते आणि प्रकल्प तीन वर्षांचा, म्हणजे प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने द्यावे लागणार. हे काम कोण लक्षात ठेवणार, ते पहिल्याच दिवशी ठरले पाहिजे.

मोठ्या विद्यापीठांच्या बाबतीत हा कागद कधी कधी मिळतच नाही, कारण ती बाहेरच्या कंपनीकडून विमा न घेता स्वतःचा निधी राखून ठेवतात. याला स्वविमा म्हणतात. तिथे प्रमाणपत्राऐवजी संस्थेचे पत्र दिले जाते आणि ‘विमा किंवा स्वविमा’ अशी शब्दरचना करारात करून घ्यावी लागते. ती केली नाही, तर पुरेसा निधी असलेली संस्थासुद्धा कागदोपत्री करार मोडणारी ठरते.

सगळे काही एकाच विम्यात येते, या समजाविषयी

संस्थेकडे दायित्व विमा आहे म्हणजे प्रकल्प सुरक्षित आहे, हा समज मला सर्वांत चिंताजनक वाटतो. एक साधे उदाहरण घेऊ. पिकांची पाहणी करण्यासाठी ड्रोन उडवायचा आहे. तो एका माणसाच्या डोक्यावर पडला. सर्वसाधारण दायित्व विमा नेमका अशाच अपघातांसाठी घेतला, असे वाटते. पण या विम्याच्या प्रचलित मसुद्यात विमाने, वाहने आणि जलयाने यांच्यामुळे झालेले नुकसान वगळलेले असते, आणि ड्रोन हे विमानच मानले जाते. म्हणजे वेगळी पॉलिसी किंवा वेगळी पुरवणी हवी. रसायन सांडून विहिरीचे पाणी दूषित झाले, तर प्रदूषणाचा अपवाद आड येतो. तज्ज्ञ म्हणून दिलेला सल्ला चुकला आणि त्यामुळे कोणाचे आर्थिक नुकसान झाले, तर व्यावसायिक चुकांचा विमा लागतो. माहिती चोरीला गेली, तर सायबर विमा.

देशाबाहेर काम असेल, तर आणखी एक ओळ वाचावी लागते: पॉलिसी कोणत्या प्रदेशात लागू आहे आणि कोणत्या देशातील न्यायालयांत लढवलेले दावे तिला मान्य आहेत. अमेरिकेबाहेर विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पॉलिसींमध्ये अमेरिका आणि कॅनडा येथील न्यायालयांतील दावे वगळलेले असतात. प्रायोजक अमेरिकन असेल आणि करारात तिथल्याच न्यायालयांचा अधिकार मान्य केलेला असेल, तर विमा असून नसल्यासारखा होतो.

माणसांच्या बाबतीतही तेच. कर्मचारी पॉलिसीत येतात. पण वेतन न घेणारे विद्यार्थी, स्वयंसेवक आणि पाहुणे संशोधक येतात का? प्रत्यक्ष क्षेत्रकाम तर बहुधा हेच लोक करतात. हा प्रश्न विमा दलालाला लेखी विचारावा आणि उत्तर लेखीच घ्यावे.

रुग्णांवरील चाचण्या: इथे नियम वेगळे

वर सांगितलेला विमा चुकीवर आधारलेला आहे, म्हणजे निष्काळजीपणा सिद्ध झाला तरच भरपाई. औषधांच्या चाचणीत मात्र कोणाचीही चूक नसताना माणसाला इजा होऊ शकते. सगळे नियम पाळले, मात्रा बरोबर होती, तरी शरीराने अनपेक्षित प्रतिसाद दिला, असे घडू शकते. अशा माणसाला ‘कोणाची चूक नव्हती’ असे सांगून घरी पाठवणे अन्यायाचे ठरेल, म्हणून अनेक देशांत चाचण्यांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. जर्मनीच्या औषध कायद्यानुसार, मृत्यू किंवा कायमची काम करण्याची अक्षमता आल्यास प्रत्येक व्यक्तीमागे किमान ५ लाख युरो मिळतील इतका विमा असावा लागतो. युरोपीय संघाच्या ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमावलीनुसार, सहभागींच्या भरपाईसाठी विमा, हमी किंवा तत्सम व्यवस्था असणे सदस्य देशांवर बंधनकारक आहे. भारताच्या २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियमांनी चाचणीमुळे झालेल्या इजेवरील मोफत उपचार आणि भरपाई यांची जबाबदारी निश्चित केली आहे. उलट ब्रिटनमधील सार्वजनिक आरोग्यसेवेची हमी निष्काळजीपणाने झालेल्या इजेपुरती आहे. चूक नसताना झालेल्या इजेची सोय वेगळी करावी लागते.

म्हणून करारात ‘चाचणी विमा’ हा शब्द दिसला, की तो चुकीवर आधारलेला आहे की चूक नसतानाही लागू होणारा, हे आधी विचारावे. आणि संमतिपत्रात सहभागी व्यक्तीला दिलेले वचन या विम्याशी जुळते का, हेही पाहावे. संमतिपत्र एक म्हणते आणि पॉलिसी दुसरे, ही तफावत मला आकड्यांच्या तफावतीपेक्षा अधिक अस्वस्थ करते.

‘आमचे संशोधन तर नुसत्या प्रश्नावलीचे आहे’

हा आक्षेप काही अंशी बरोबर आहे. प्रश्नावलीच्या प्रकल्पासाठी रसायन प्रयोगशाळेइतका विमा मागणे अवाजवी आहे आणि ते प्रायोजकाला सांगायला हवे. अनेकदा कलम साच्यातले असते. बांधकामाच्या ठेक्यासाठी लिहिलेला मसुदा जसाच्या तसा संशोधनाच्या करारात आलेला असतो आणि तो आपल्या कामाला लागू नाही हे पाठवणाऱ्याच्याही लक्षात आलेले नसते. पण प्रश्नावलीत धोका शून्य नसतो. मुलाखतीसाठी गावोगाव फिरणारे भाड्याचे वाहन, लोकांच्या आजारांची किंवा उत्पन्नाची नावानिशी नोंद असलेला लॅपटॉप, कोणाची ओळख उघड झाल्यामुळे त्याच्यावर आलेले संकट, हे सर्व दायित्वाचेच प्रकार आहेत. म्हणून ‘धोका नाही’ असे न लिहिता आपल्या कामात नेमके काय होणार आहे, किती माणसे कुठे जाणार आहेत आणि कोणती माहिती गोळा होणार आहे, हे अर्ध्या पानात लिहून पाठवावे. विमा ज्यांचे रोजचे काम आहे, त्यांना या अर्ध्या पानावरून योग्य विमा ठरवता येतो.

‘हप्ता अनुदानातून भरता येईल ना?’

काही ठिकाणी येतो, पण तो अर्जाच्या अंदाजपत्रकात आधीच दाखवलेला असावा लागतो. अनुदान मंजूर झाल्यावर जादा विम्यासाठी पैसे शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. अमेरिकेच्या संघीय अनुदानांच्या नियमांत या बाबतीत एक नेमकी तरतूद आहे. अनुदानाच्या अटीनुसार आवश्यक असलेल्या विम्याचा खर्च मान्य होतो. पण जे नुकसान विम्याने भरून निघू शकले असते आणि विमा न घेतल्यामुळे झाले, ते अनुदानात तशी स्पष्ट तरतूद असल्याशिवाय अनुदानातून भरता येत नाही. किरकोळ मोडतोड, वस्तू खराब होणे, अशी रोजच्या कामातील लहान नुकसाने याला अपवाद आहेत. म्हणजे हप्ता वाचवून धोका अंगावर घेतला, तर पुढचा भुर्दंडही संस्थेनेच सोसायचा.

‘अटींवर वाद घातला, तर अनुदान हातचे जाईल’

ही भीती प्रामाणिक आहे, विशेषतः लहान संस्थांची. पण विम्याच्या कलमावर दुरुस्ती सुचवणे हा वाद नाही, तो प्रायोजकाच्या कार्यालयाच्या रोजच्या कामाचा भाग आहे. समोरच्याला पूर्ण करता न येणारी अट करारात राहणे प्रायोजकाच्याही हिताचे नसते. दुरुस्ती सुचवताना ‘हे आम्हाला मान्य नाही’ एवढेच न लिहिता ‘आमच्या पॉलिसीत हे असे आहे, त्याऐवजी हे चालेल का’ असे लिहावे आणि सोबत प्रमाणपत्र जोडावे. मर्यादा कमी पडत असेल तर जादा विम्याची किंमत कळवावी आणि ती अनुदानात वाढवून मिळेल का, ते विचारावे.

भागीदार संस्थांकडे मात्र विशेष लक्ष द्यायला हवे. मुख्य संस्था तिच्यावरच्या सगळ्या अटी उप-अनुदान करारात जशाच्या तशा खाली सरकवते. पाच माणसांची ग्रामीण आरोग्य संस्था, जी फक्त गावकऱ्यांशी संपर्क साधून देणार आहे, तिला लाखो डॉलरच्या मर्यादेचा विमा परवडत नाही. मग एकतर ती प्रकल्पातून बाहेर पडते, किंवा न वाचता सही करते. दोन्हींत नुकसान आहे. पहिल्यात प्रकल्पाचा लोकांशी असलेला खरा दुवा तुटतो, दुसऱ्यात सर्वांत कमी पैसा असलेल्याच्या डोक्यावर सर्वांत मोठी हमी बसते. भागीदाराच्या कामातील प्रत्यक्ष धोका पाहून त्याची अट कमी करणे, किंवा त्याला मुख्य संस्थेच्या पॉलिसीत सामावून घेणे हे मुख्य संस्थेचे कर्तव्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सही कोणाची, आणि प्रकल्प संपल्यावर काय

मुख्य संशोधकाने स्वतःच्या सहीने या अटी स्वीकारू नयेत. संस्थेच्या वतीने करार करण्याचा अधिकार सहसा त्याला नसतोच, आणि अधिकार नसताना सही केली तर जबाबदारी वैयक्तिक होण्याचा धोका असतो. त्याचे काम आहे ते कलम मिळाल्याबरोबर, शक्यतो अर्जाच्या टप्प्यावरच, कामाच्या वर्णनाच्या त्या अर्ध्या पानासह संस्थेच्या अनुदान कक्षाकडे आणि विमा पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवणे.

प्रकल्प संपला तरी विम्याचा प्रश्न संपत नाही. पॉलिसी दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात अपघात पॉलिसीच्या काळात घडला असेल, तर दावा नंतर कितीही वर्षांनी आला तरी ती पॉलिसी लागू होते. दुसऱ्या प्रकारात दावा आला त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते. व्यावसायिक चुकांचा विमा बहुधा या प्रकारचा असतो. २०२४ मध्ये दिलेल्या औषधाचा परिणाम २०२७ मध्ये दिसला आणि मधल्या काळात पॉलिसी बंद केली, तर दोन्ही वर्षे कोरडी जातात. म्हणून अशी पॉलिसी बंद करताना नंतर येणाऱ्या दाव्यांसाठी वाढीव मुदत विकत घ्यावी लागते. पॉलिसी बदलली, तर नवी पॉलिसी मागच्या कोणत्या तारखेपासूनचे काम मान्य करते, तेही पाहावे लागते. जुन्या पॉलिसींचे कागद प्रकल्पाच्या फायलीसोबतच जपून ठेवावेत.

आणि अपघात झालाच, तर दावा येण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात विमा कंपनीला लेखी कळवावे, कारण उशिरा कळवणे हे भरपाई नाकारण्याचे कारण ठरू शकते. जखमी माणसाच्या उपचाराची सोय लगेच करावी, त्याच्याशी माणुसकीने बोलावे, पण चूक कोणाची याविषयी लेखी काहीही देण्यापूर्वी संस्थेच्या वकिलाला विचारावे. विमा कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य करू नये, ही अट जवळपास प्रत्येक दायित्व पॉलिसीत असते.